जर्बिलला हवं पेव

"काका, हा दिवसभर कोपराच का खरडतोय?" शेजारची सहावीतली मुलगी मला हाताला धरून तिच्या घरी घेऊन गेली. वाढदिवसाला पुण्याहून आणलेले दोन जर्बिल, म्हणजे उंदराच्या कुळातले छोटे पाळीव प्राणी. दोघे सख्खे भाऊ. काचेची पेटी लख्ख पुसलेली, तळाला बोटभर भुसा, वर प्लास्टिकचं रंगीत घर. त्यातला थोरला पुढच्या पंजांनी काचेचा कोपरा खरवडत होता. क्षणभर थांबायचा, नाक हलवायचा, पुन्हा तेच. भुसा बाजूला सरून खालची काच उघडी पडली होती. घरच्यांना वाटत होतं, खेळतोय.

तो खेळत नव्हता. जर्बिल मूळचा मंगोलिया आणि उत्तर चीनच्या कोरड्या माळरानांवरचा, बिळात राहणारा. आज प्रयोगशाळांत आणि घरांत दिसणारे बहुतेक जर्बिल १९३५ साली अमूर नदीच्या खोऱ्यात पकडलेल्या २० जोड्यांचे वंशज मानले जातात. इतक्या पिढ्या पिंजऱ्यात गेल्या, तरी बीळ डोक्यातून गेलेलं नाही.

क्रिस्टोफ वीडेनमायर या संशोधकानं १९९७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. त्यानं काही पिल्लांना उकरायला कोरडी वाळू दिली. ती उकरली की ढासळते, बीळ होतच नाही. दुसऱ्या पिल्लांना उकरायला काही दिलं नाही, पण बोगद्यातून आत जाता येईल अशी तयार खोली दिली. कोपरे खरडण्याचं वेड लागलं ते वाळूवाल्यांना. म्हणजे जर्बिलची भूक उकरण्याची नाही, बिळाची आहे. लहानपणापासून बीळ मिळालं तर ही खोड सहसा जडत नाही.

सांगलीकरांना हे समजायला जड जाऊ नये. हरिपूरला हळद साठवायची पेवं आपल्या आजोबा-पणजोबांनी खोदली ती तिथली माती न ढासळता उभी राहते म्हणून. जर्बिललाही असंच उभं राहणारं काहीतरी लागतं. नुसता भुसा उभा राहत नाही. भुसा, वाळकं मऊ गवत आणि फाडलेला कोरा कागद-पुठ्ठा थरावर थर घालून हातानं दाबत गेलं, की बोगदा टिकतो. थर किमान दहा इंच, फूटभर असेल तर उत्तम. भुसा सुताराकडून आणणार असाल तर प्लायवूडचा नको, त्यात डिंक असतो. चीड-देवदारचाही नको, त्या उग्र वासानं श्वासाला त्रास होतो.

पेटी दोघांसाठी तीन-साडेतीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि तितकीच उंच हवी. नवीच घ्यायला पाहिजे असं नाही. गळका फिश टँक चालतो, पाणी थोडंच भरायचंय! झाकणाला लाकडी चौकटीत बसवलेली लोखंडी जाळी लावा. जर्बिल चांगली उडी मारतो आणि प्लास्टिक कुरतडून टाकतो. वाळूचं भांडं, दगड अशा जड वस्तू भुशावर ठेवू नका. खालून पोखरलं की त्या बोगद्यात कोसळतात. वीट किंवा फळीचा आधार थेट काचेच्या तळावर द्या आणि त्यावर त्या मांडा. पळायचं चाक सलग पृष्ठभागाचं असावं, गजांच्या चाकात शेपूट अडकते. शेपटीला धरून तर कधीच उचलू नका, कातडी सोलून हातात येते.

आता आपल्या हवेचं. रानातल्या बिळात हातभर खाली दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक जवळजवळ उरत नाही, कारण मातीतून उष्णता फार सावकाश झिरपते. काचेच्या पेटीत हा गारवा मिळत नाही. खोली तापली की भुसाही तापतो. म्हणून चैत्र-वैशाखात पेटी तळमजल्यावर, उन्हाची तिरीपही येणार नाही अशा खोलीत ठेवावी, आत शहाबादी फरशीचा तुकडा टाकावा. कूलर मात्र शेजारी नको. तो गारवा देतो, पण ओलावाही वाढवतो. दमट हवेत जर्बिलचे केस तेलकट होऊन चिकटतात. पावसाळ्यात तर हे हटकून होतं. तेव्हा बारीक, चाळून वाळवलेल्या वाळूचं भांडं रोज द्यावं. त्यात लोळून तो स्वतःच अंग साफ करतो. पाण्याच्या बाटलीचं तोंड भुशाला टेकलं तर रात्रभरात सगळी पेटी ओली होते, तेही बघावं.

पेटी साफ करताना सगळा भुसा एकदम टाकू नये. आतला वास ही त्यांची घरची ओळख असते. म्हणून जुना मूठभर भुसा नव्यात मिसळायचा.

आम्ही त्या मुलीची पेटी अशी भरली आणि तिसऱ्या दिवशी काचेलगत एक तिरका बोगदा दिसला. तळाशी वाटीएवढी खोली, कागदाच्या धाग्यांनी मऊ केलेली, कडेला बाजरीचे दाणे रचलेले. धाकटा तर आता दिवसभर आतच असतो. थोरल्याची खोड लहानपणीच जडलेली, ती पूर्ण गेली नाही. अजून अधूनमधून कोपऱ्यात येतो, चार पंजे मारतो आणि मग बोगद्यात शिरतो.