रेडिओ लहरी आणि नोकरी: शंका आली कुठून?

रडारवर वर्षानुवर्षं काम केलं की पुढे त्रास होतो का, हा प्रश्न मोबाइल टॉवरच्या खूप आधीचा आहे. 1920 च्या दशकाच्या शेवटी शॉर्टवेव्ह ट्रान्समीटरजवळ काम करणाऱ्यांना चक्क ताप चढायचा, आजार काहीच नाही, नुसतं अंग तापलेलं, आणि घाबरायचं सोडून त्यातून मुद्दाम ताप आणायची उपचाराची मशीन निघाली! तेव्हापासून सगळा विचार उष्णतेभोवतीच फिरतोय.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाने रडारवाल्यांना तपासलं, विशेष काही सापडलं नाही. पण 1948 मध्ये प्राण्यांच्या डोळ्यांत मायक्रोवेव्हने, म्हणजे रडार वापरतं तसल्याच लहरींनी, मोतीबिंदू झालेला दिसला. डोळ्याच्या भिंगाला रक्तवाहिन्याच नसतात, म्हणजे साठलेली उष्णता वाहून न्यायला रक्त नाही. मग 1953 मध्ये जीवभौतिकशास्त्रज्ञ हर्मन श्वान यांनी शरीर किती उष्णता पचवू शकतं याचा हिशोब मांडून चौरस सेंटिमीटरला 10 मिलीवॅट ही लिमिट सुचवली. सोव्हिएत लिमिट मात्र 10 मायक्रोवॅट, हजारपट कमी, कारण तिथले डॉक्टर कामगारांची डोकेदुखी, थकवा, झोप उडणं हे सगळं नोंदवत होते. पश्चिमेने ते फारसं मनावर घेतलं नाही. आता डोकेदुखी आवाजाने, रात्रपाळीनेही होते हे खरं, पण म्हणून ऐकूनच घ्यायचं नाही हे काही पटत नाही.

कोरियन युद्धातल्या सुमारे 40,000 अमेरिकन नौसैनिकांचा 40 वर्षं माग काढला, 2002 च्या निष्कर्षात एकूण मृत्यू वाढलेले नव्हते, फक्त विमानांच्या इलेक्ट्रॉनिक्स टेक्निशियनमध्ये रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार जास्त दिसला. गोम अशी की कोणाच्या अंगावर मीटर नव्हता, हुद्द्यावरून अंदाज बांधलेला. त्यात जुन्या रडारच्या हाय व्होल्टेज ट्यूबमधून एक्स-रेही निघायचे, जर्मनीत कॅन्सर झालेल्या माजी लष्करी रडार टेक्निशियनच्या प्रकरणात मुख्य संशय या एक्स-रेंवरच गेला. मग दोष कोणाच्या माथी मारणार?

2011 मध्ये आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) रेडिओ लहरी 2बी गटात, म्हणजे 'कदाचित कॅन्सर करू शकतील' अशा यादीत टाकल्या त्या मुख्यतः मोबाइल वापरणाऱ्यांच्या आकडेवारीवरून, नोकरीतल्या एक्स्पोजरचा पुरावा त्यांना अपुरा वाटला. आणि रडारच कशाला, प्लास्टिकच्या शिटा जोडणाऱ्या 27 मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालणाऱ्या मशीनवर ऑपरेटरचे हात दिवसभर इलेक्ट्रोडपासून वीतभर अंतरावर असतात.