गरम गाडी सुरू होत नाही? कार्ब्युरेटर उघडण्याआधी हे वाचा

(क्लासिक रेसिंग महोत्सवाला जुनी मोटरसायकल नेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

महोत्सवांचे दिवस जवळ आले की आमच्याकडे एकच फोन वेगवेगळ्या आवाजांत येतो. “घरी पहिल्या किकला घेते हो, पण तिकडे दोन फेऱ्या मारून थांबलो आणि मग घेतलीच नाही.” पुढचं वाक्यही ठरलेलं असतं. “कार्ब्युरेटर दोनदा साफ केला, पायलट जेट बदलला, नवा प्लग टाकला. आता महोत्सव दहा दिवसांवर आलाय, मॅग्नेटो तेवढा बघून द्याल का?”

मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र, दहा दिवसांत दुरुस्त करून देता येत नाही, आमच्याकडे त्याला सहा आठवडे लागतात. का येत नाही आणि तुमचा वेळ खरा कुठे जातो, हे फोनवर घाईघाईत सांगून होत नाही, म्हणून सगळं इथे लिहून काढलं आहे.

चूक एकच, पण जवळजवळ सगळेच करतात. गाडीची परीक्षा थंड असताना घेतली जाते. गॅरेजच्या दारात किक मारली, इंजिनानं घेतलं, दोन-तीनदा थ्रॉटल पिळला, आवाज ऐकून जीव सुखावला, बंद करून व्हॅनमध्ये चढवली. त्या दोन मिनिटांत मॅग्नेटो कोमटसुद्धा होत नाही, आणि त्याचा आजार तर तापल्यावरच दिसतो.

आमच्या जुन्या ग्राहकांमध्ये पाच मित्रांची एक टोळी आहे. वर्षभर एकमेकांच्या गॅरेजमध्ये बसून तीन गाड्या तयार करतात आणि एकाच व्हॅनमधून महोत्सवाला नेतात. गेल्या मोसमात त्यांच्यातल्या एकाची ५०० सीसीची ट्रायम्फ परेडच्या रांगेत उभी होती आणि मी कठड्यापलीकडे होतो. सरावाच्या फेऱ्या नुकत्याच झाल्यामुळे इंजिन चांगलं तापलेलं. तेवढ्यात आधीच्या गटातल्या कुणाच्या तरी गाडीनं वळणावर तेल सांडलं. सिमेंटची पूड टाकून ट्रॅक झाडून होईपर्यंत सगळ्यांना इंजिनं बंद करायला सांगितलं. वीस मिनिटं गेली. झेंडा हलला, आजूबाजूच्या गाड्या एकेक करून सुरू झाल्या, आणि ही ट्रायम्फ एकदा ‘फट्’ करून गप्प झाली ती झालीच. तिघं मागून ढकलतायत, मालक दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडतोय, मागचं चाक घासत जातंय, पण इंजिन घेईना. परेड निघून गेली.

पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या ठेवण्याच्या आवारात, आणल्याबरोबर अमाल कंपनीचा कार्ब्युरेटर उघडला. नीडल, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी सुई, एक खाच वर घेतली, फ्लोट तपासला, जेटमध्ये फुंकर मारली. यात चाळीस मिनिटं गेली आणि मग गाडी पहिल्याच धक्क्याला सुरू झाली. पाचही जणांचे चेहरे उजळले. दोष नीडलचाच होता यावर एकमत झालं. दुपारच्या सत्रात पुन्हा तोच प्रकार. या वेळी मी गाडीजवळ होतो. सिलिंडरमागच्या मॅग्नेटोवर तळहात ठेवला आणि तीन सेकंदांत उचलावा लागला. सकाळी गाडी नीडलमुळे सुरू झालीच नव्हती. चाळीस मिनिटांत मॅग्नेटो निवला, म्हणून झाली होती.

वर्षभराची मेहनत, सुट्ट्या जुळवणं, रात्रीचा प्रवास, आणि शेवटी मित्र मिळून एक बंद गाडी ढकलतायत. मला ते बघवत नाही.

आत काय होतं

१९०२ साली बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी हाय टेन्शन मॅग्नेटो पुढे आणला. तुमच्या गाडीवरच्या ल्यूकस कंपनीच्या मॅग्नेटोचं तत्त्व अजून तेच आहे. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये आर्मेचर, म्हणजे तारेच्या गुंडाळण्यांचा गाभा, फिरतं, प्रायमरी (पहिल्या) गुंडाळणीत करंट उभा राहतो, नेमक्या क्षणी पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारे संपर्क, उघडून तो तोडतात आणि सेकंडरी (दुसऱ्या) गुंडाळणीत काही हजार व्होल्ट उसळतात. प्रायमरीचा करंट जितका झटकन तुटेल तितकी प्लगवरची ठिणगी जोरदार. तो झटका कंडेन्सरमुळे मिळतो. कंडेन्सर गळका झाला की करंट झटकन न तुटता पॉइंटमध्येच जळत राहतो. अंधारात पॉइंटचं झाकण काढून बघितलंत तर तिथे निळी-पिवळी चरचर दिसते. तेवढीच ताकद प्लगला कमी पडलेली असते.

मूळ कंडेन्सरमध्ये कागदाचे आणि धातूच्या पातळ पत्र्याचे थर असतात. साठ-सत्तर वर्षांत त्या कागदात ओल शिरलेली असते. थंड असताना गळती थोडी, तापल्यावर बरीच. गुंडाळणीचंही तसंच आहे. जुन्या कामात तिच्यावर लाख चढवलेली असते. लाख उष्णतेनं मऊ पडते, आणि कधी कधी बाहेर येऊन आर्मेचर आतल्या आत घासायला लागतं. ल्यूकसच्या के२एफ मॉडेलसारख्या मॅग्नेटोत कंडेन्सर आर्मेचरच्या पोटात असतो. दोन स्क्रू काढून बदलला असं तिथे होत नाही, आर्मेचर सोडवावंच लागतं.

आता सगळ्यात जास्त वाद होतो तो मुद्दा. “शेवटच्या फेरीत तर अशी पळत होती, मग मॅग्नेटो खराब कसा?” पळत होती हे खरं आहे. मॅग्नेटोची ताकद त्याच्या वेगावर असते. फोर स्ट्रोकमध्ये तो इंजिनाच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणजे इंजिन ६००० आर.पी.एम.वर असताना मॅग्नेटो ३००० वर. तेवढ्या वेगात गळका कंडेन्सरही वेळ निभावून नेतो. शिवाय धावत्या गाडीला वारा लागत असतो. तुम्ही थांबलात की वारा बंद होतो, सिलिंडरची धग मागे सरकते आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं मॅग्नेटो तापतच जातो. म्हणजे तो सर्वात गरम असतो तेव्हाच तुम्ही त्याला किकच्या संथ वेगात ठिणगी मागता. पळणारी गाडी आणि पुन्हा सुरू न होणारी गाडी, दोन्ही एकाच मॅग्नेटोच्या करामती आहेत.

“पूर्वी तर या गाड्या अख्खी शर्यत काढायच्या,” असंही ऐकतो. काढायच्याच. मॅन बेटावरच्या टीटी शर्यतींची डोंगरी फेरी ६०.७ किलोमीटरची. १९५० च्या दशकातल्या सीनिअर टीटीत बहुतेक वर्षी अशा ७ फेऱ्या, म्हणजे जवळपास ४२५ किलोमीटर, आणि मध्ये पेट्रोलला थांबलं की तापलेली गाडी ढकलूनच सुरू करायची. मॅग्नेटो ते करत होते, कारण तेव्हा ते नवे होते. आज आपण त्याच कामाला सत्तरीतला कंडेन्सर जुंपतो, आणि महोत्सवात त्याला दिवसातून पाच-सहा वेळा गरम असतानाच सुरू व्हायला सांगतो.

आम्हाला फोन करण्याआधी

दोष खरोखर मॅग्नेटोचा आहे का, हे तुम्ही घरीच बघू शकता. त्यासाठी केस वाळवायचा साधा ड्रायर पुरतो. इंजिन पूर्ण थंड असू द्या. पेट्रोलचा कॉक बंद करा, टाकी उतरवून दूर ठेवा, फ्लोट चेंबर रिकामा करा, जागा मोकळ्या हवेची घ्या. यात कुचराई नको, पेट्रोलच्या वाफेजवळ ड्रायर कधीही चालवू नका. मग मॅग्नेटोच्या अंगावर पंधरा-वीस मिनिटं गरम हवा सोडा, हात ठेवणं नकोसं होईपर्यंत. ड्रायर बाजूला न्या, टाकी चढवा, आणि नेहमीसारखी थंड गाडी सुरू करता तशी सुरू करा. इंजिन थंड, कार्ब्युरेटर थंड, फक्त मॅग्नेटो गरम. आता घेत नसेल तर दुसरीकडे शोधायचं कारण उरत नाही. पहिल्या किकला घेतली, तर खुशाल कार्ब्युरेटरकडे वळा. तापलेल्या इंजिनावर सवयीनं टिकलर (कार्ब्युरेटरवरचं पेट्रोल सोडायचं बटण) दाबून पेट्रोल जास्त सोडणारेही आमच्याकडे मॅग्नेटो पाठवतात, आणि चांगला मॅग्नेटो परत पाठवताना आम्हालाच वाईट वाटतं.

प्लग बाहेर काढून इंजिनाला टेकवून ठिणगी बघणार असाल तर एक लक्षात ठेवा. उघड्या हवेत ठिणगी सहज पडते. सिलिंडरमध्ये दाब असतो, तिथे त्याच गॅपला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. बाहेर दिसणारी ठिणगी पुरेशी आहे असं समजू नका. प्लग अधांतरी ठेवून किक तर मारूच नका, त्यानं गुंडाळणी फुटू शकते. आणि प्लगचा गॅप मॅग्नेटोच्या मानानं ठेवा, साधारण ०.४५ ते ०.५ मिमी. आजच्या गाड्यांसारखा ०.८ ठेवून आलेल्या किती गाड्या आम्ही फक्त फीलर गेजनं, म्हणजे गॅप मोजायच्या पट्टीनं, बऱ्या केल्या आहेत. पॉइंटचा गॅप ०.३० मिमी. किल बटणाची (इंजिन बंद करायच्या बटणाची) वायरही तात्पुरती सोडवून बघा. टाकीखाली घासून तिचं आवरण गेलं असेल तर हादऱ्यानं ती मध्येच अर्थ होते आणि दोष मॅग्नेटोच्या माथी येतो.

सहा आठवडे का

इतर ठिकाणी चार दिवसांत रिवाइंड, म्हणजे नवी गुंडाळणी, करून मिळतं, हे आम्हाला ग्राहक सांगतात. गुंडाळणी आम्हीही एका दिवसात करू शकतो. वेळ त्यानंतर लागतो. गुंडाळलेलं आर्मेचर रेझिनमध्ये व्हॅक्यूमखाली बुडवतो, म्हणजे थरांमध्ये हवा राहत नाही, आणि मग भट्टीत पक्कं होऊ देतो. कंडेन्सर आजच्या पद्धतीचा घालतो, ओल न धरणारा. बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगमागचा इन्सुलेशनचा कागद नवा घालतो, चुंबकाची ताकद पुन्हा भरतो. मग मॅग्नेटो चाचणीच्या बाकावर चढवून सुमारे ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो आणि चार तास चालवतो. चार तासांनी गरम असतानाच वेग उतरवून किकच्या वेगावर आणतो आणि ५.५ मिमीच्या तीन टोकी गॅपवर ठिणगी न चुकता पडते का ते बघतो. रात्रभर थंड होऊ देतो आणि दुसऱ्या दिवशी हेच पुन्हा. दहातला एखादा दुसऱ्या दिवशी नापास होतो. तो तुमच्याकडे आला असता तर परेडच्या रांगेत नापास झाला असता. म्हणून हा टप्पा आम्ही कुणासाठीही गाळत नाही, कितीही जुनी ओळख असली तरी.

महोत्सवात आमचा तंबू असतो. तिथे टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) लावून देतो, पॉइंट घासून देतो, ब्रश आणि वायर ठेवतो, नेहमीच्या मॉडेलचे तयार मॅग्नेटो बदल्यात देण्यासाठीही थोडे आणतो. पण मॅग्नेटो पॅडॉकमध्ये उघडत नाही. धुळीत उघडलेला मॅग्नेटो दुरुस्त होत नाही.

काढताना

सर्वात जास्त नुकसान गाडीवरून काढल्यानंतर होतं. आत काय आहे ते बघू म्हणून लोक शेवटचं झाकण उघडून आर्मेचर ओढतात. के२एफ आणि त्याच्या भावंडांत पिकअप (ठिणगीचा करंट बाहेर नेणारे जोड), अर्थ ब्रश आणि सेफ्टी गॅपचा छोटा स्क्रू आधी काढावा लागतो. तो स्क्रू बाहेरून साध्या स्क्रूसारखाच दिसतो, पण त्याचं टोक आत स्लिप रिंगच्या (पिकअपला करंट देणाऱ्या फिरत्या रिंगच्या) खोबणीत गेलेलं असतं. तो तसाच ठेवून आर्मेचर ओढलं की ‘टिक्’ असा बारीक आवाज येतो आणि स्लिप रिंगची कड तुटते. मग रिंग नवी, काम वाढलं, आठवडा गेला. चुंबकाचा जोरही आर्मेचर बाहेर काढलं की उतरतो. कृपा करून मॅग्नेटो अखंड पाठवा, उघडायचं काम आमच्यावर सोडा.

गिअर काढताना पूलर वापरा, हातोडी नको. शाफ्टचं निमुळतं टोक (टेपर) बिनचावीचं असतं, गिअरची जागा पक्की करणारी खूण त्यावर नसते, म्हणजे काढला की टायमिंग गेलं. परत लावताना ते नव्यानं लावावंच लागतं, म्हणून महोत्सवाच्या आधीची संध्याकाळ त्यासाठी ठेवू नका. परत मिळालेला मॅग्नेटो बसवून गाडी एकदा चांगली तापवा, बंद करा, बारा मिनिटं थांबा आणि मग किक मारा. समोर मोठा पंखा लावा, एअर कूल्ड इंजिन उभ्या जागी जास्त वेळ चालवू नये.

महोत्सवातल्या गाडी-तपासणीच्या बाकीच्या गोष्टी, लॉकवायर, कॅच टँक, आपोआप बंद होणारा थ्रॉटल, लिव्हरच्या टोकाचे गोळे, तुम्हाला ठाऊक आहेत. एरंडेलाचं रेसिंग ऑइल वापरणाऱ्यांनी ते मिनरल ऑइलमध्ये मिसळू नये, एवढंच.

मित्रांच्या गाड्या एकत्र जाणार असतील तर मॅग्नेटोही एकत्र पाठवा, एकाच खेपेत सगळे लावून घेतो. प्रत्येकाला चिठ्ठी बांधा. तिच्यावर गाडीचं मॉडेल, इंजिन कोणत्या दिशेला फिरतं, अॅडव्हान्स (ठिणगीची वेळ पुढे आणणं) हातानं की आपोआप, आणि महोत्सवाची तारीख लिहा. मॅग्नेटो कापडात गुंडाळून ताठ खोक्यात घाला. पिकअप वेगळ्या पिशवीत ठेवा, सैल राहिले तर वाटेत फुटतात.