आया सोफियाची चित्रे १४५३ मध्ये फोडली गेली का?

इस्तंबूलच्या आया सोफिया या जुन्या चर्चबद्दल एक गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली जाते: १४५३ मध्ये ऑटोमन सुलतान दुसऱ्या मेहमदने शहर जिंकले आणि लगेच आतली सगळी मोझेक चित्रे, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेली चित्रे, फोडून टाकली. हे खरे नाही.

चर्चची मशीद झाली, पण चित्रे एका दिवसात गेली नाहीत. ती टप्प्याटप्प्याने झाकली गेली. १७१० मध्ये कॉर्नेलियस लूस या स्वीडिश अधिकाऱ्याने काढलेल्या चित्रांतही काही मानवाकृती दिसतात. झाकली कशाने, तर चुन्याच्या गिलाव्याने! हाच गिलावा पुढे त्यांचे कवच ठरला.

१८४७ ते १८४९ मध्ये सुलतान अब्दुलमजीदने फोसाती या स्विस बंधूंकडून डागडुजी करून घेतली. त्यांनी मोझेक उघडली, त्यांच्या नकला रेखाटून घेतल्या आणि ती पुन्हा झाकली. १९३१ पासून थॉमस व्हिटमोर या अमेरिकन अभ्यासकाच्या चमूने गिलावा हळूहळू काढला. १९३५ मध्ये इमारत संग्रहालय म्हणून खुली झाली. २०२० पासून ती पुन्हा मशीद आहे.

नुकसान झालेच नाही, असे नाही. १८९४ च्या भूकंपात बरेच गेले. आणि सुरुवातीची धार्मिक चित्रे तर आठव्या शतकात बायझंटाइन, म्हणजे ऑटोमनांपूर्वीच्या ख्रिस्ती, सम्राटांच्याच मूर्तिविरोधी धोरणाने नष्ट झाली असावीत. म्हणूनच गाभाऱ्यावरच्या अर्धघुमटातली, मांडीवर बाळ घेतलेली मेरी, ८६७ मधली, मला फार मोलाची वाटते. धार्मिक चित्रे असावीत की नसावीत, हा वाद मिटल्यावर ती तिथे आली.