स्पार्क प्लग व इग्निशनची जुळणी
वाढीव शक्तीच्या पेट्रोल इंजिनाला योग्य उष्णता-श्रेणीचा स्पार्क प्लग, योग्य गॅप (दोन इलेक्ट्रोडमधील अंतर) आणि पुरेशा क्षमतेची कॉइल (ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज देणारा भाग) देऊन ठिणगीची वेळ त्यानुसार ठरवण्याचे काम. भारी प्लग बसवला की शक्ती वाढते, हा समज सुट्या भागांच्या दुकानांत अजून टिकून आहे. वस्तुतः प्लग शक्ती निर्माण करत नाही, वाढलेल्या दाबात आणि उष्णतेत ठिणगी न चुकवणे एवढेच त्याचे काम.

प्लगच्या टोकाकडील उष्णता सिलिंडर हेडमध्ये किती लवकर उतरते, यावरून त्याची श्रेणी ठरते. इन्सुलेटरचे (चिनीमातीच्या आवरणाचे) टोक लांब असल्यास प्लग गरम, आखूड असल्यास थंड. टोकाचे तापमान सुमारे ४५० अंश सेल्सियसच्या खाली राहिल्यास काजळी साचून विद्युतगळती होते व मिसफायर (ठिणगी चुकून मिश्रण न पेटणे) सुरू होतो. ते ८०० अंशांच्या बरेच वर गेल्यास मिश्रण ठिणगीआधीच पेटते आणि पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. म्हणून टर्बोचा (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या यंत्रणेचा) दाब वाढवलेल्या इंजिनाला सहसा एक पायरी थंड प्लग देतात. मात्र एनजीके आणि डेन्सोच्या प्लगवर मोठा आकडा थंड श्रेणी दाखवतो, तर बॉश आणि चॅम्पियनच्या प्लगवर गरम. त्यामुळे कंपनी बदलताना तक्ता पाहिल्याशिवाय नुसत्या आकड्यावर जाणे धोक्याचे.

सिलिंडरमधील दाब वाढला की तेवढाच गॅप ओलांडायला जास्त व्होल्टेज लागते. कॉइल तेवढे देऊ शकली नाही, तर नेमक्या पूर्ण ॲक्सिलरेटरवर गाडी ठसके देते. यावर गॅप ०.६ ते ०.७ मिमीपर्यंत आणणे हा स्वस्त उपाय. त्याहून कमी केल्यास आयडलिंग बिघडते. इरिडियम प्लगचा मधला इलेक्ट्रोड बारीक व ठिसूळ असल्याने त्यावर जोर न देता बाहेरचाच वाकवावा लागतो. गॅप सुधारला तरी नॉकिंग (मिश्रण अवेळी भडकून होणारी ठकठक) थांबत नाही; त्यासाठी दाबाखाली टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेणे किंवा जास्त ऑक्टेनचे पेट्रोल वापरणे आवश्यक असते.

गोव्यात निवड अधिक अवघड होते, कारण तीच गाडी आठवडाभर म्हापसा-पणजी रस्त्यावरील कोंडीत रेंगाळते आणि सुटीच्या दिवशी चोर्ला किंवा अनमोड घाट चढते. केवळ घाटाच्या हिशेबाने दोन पायऱ्या थंड प्लग घेतल्यास तो शहरात काजळतो; रोजच्या वापराच्या गाडीला एकच पायरी पुरेशी मानावी. किनाऱ्यावरची खारी हवा कॉइलच्या जोडांना गंज आणते, तर पावसाळ्यात किंवा इंजिन धुतल्यावर प्लगच्या खोबणीत पाणी उतरल्यास ठिणगी आत न पडता बाहेरूनच बॉडीकडे पळते. अशा प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर वरून खाली गेलेली बारीक काळी रेघ दिसते. तेव्हा प्लगबरोबर कॉइलचा रबरी बूटही (प्लगवर बसणारी टोपी) बदलावा आणि नव्या बुटात थोडे सिलिकॉन ग्रीस लावावे. धातूच्या कडेलगत चिनीमातीवर गोलाकार उमटणारा तपकिरी डाग मात्र निरुपद्रवी असतो, आणि गॅस गळतो आहे असे समजून चांगले प्लग फेकले जातात ते बहुधा याच डागामुळे.