शिप-शीप (ship-sheep) ऐकायला शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरमागची गोष्ट

टेपरेकॉर्डरच्या जमान्यातल्या लँग्वेज लॅबमध्ये 'ऐका आणि मागून म्हणा' एवढंच चालायचं, ते सोडून देऊ. परक्या भाषेतले जवळजवळचे आवाज कानाला वेगळे ओळखायला शिकवण्याची खरी सुरुवात १९८० च्या दशकातली, आणि तीही स्वरांची नाही, जपानी लोकांना इंग्रजीतले र आणि ल वेगळे ऐकू यावेत म्हणून. १९८४ च्या प्रयोगात मशीनने बनवलेला आवाज होता, लोक त्यात तयार झाले पण खऱ्या माणसाच्या तोंडचा शब्द आला की परत गोंधळ. १९९१ ला पाच जणांचे आवाज घेतले तेव्हा फरक पडला, आणि १९९३ ला एकाच आवाजावर शिकवून बघितलं तर नवीन माणूस बोलल्यावर तो फायदा टिकला नाही. शिकवायची पद्धत अशी: हेडफोनमध्ये शब्द येतो, स्क्रीनवरच्या पर्यायांपैकी एक क्लिक करायचा, चूक की बरोबर तिथेच कळतं, बोलायचं काहीच नाही. तरी १९९७ मध्ये दिसलं की नुसतं ऐकून उच्चारही सुधारतात.

स्वरांचं काम नंतर वाढलं आणि वाद तिथेच आहे. सगळे स्वर शिकवायचे की फक्त अडणारे? २००७ मध्ये जपानी विद्यार्थ्यांचे दोन गट केले, एकाला अमेरिकन इंग्रजीचे नऊ स्वर, दुसऱ्याला त्यातले अवघड तीनच. तीनवाले त्या तिनातच सुधारले, बाकीचे सहा होते तिथेच, नऊवाल्यांची मात्र सगळीकडे प्रगती. मला तरी यात फार डोकं लावण्यासारखं काही वाटत नाही, कारण एक स्वर ओळखायचा म्हणजे शेजारचे पण माहीत पाहिजेत ना.

पण नाशिकला कॉलेज रोडच्या कुठल्याही स्पोकन इंग्लिश क्लासमध्ये जा, शिप-शीप, फुल-फूल (full-fool), बेड-बॅड एवढ्याच जोड्या. वर सांगतात 'शीप लांब म्हणायचं'. मराठी बोलताना आपण इ-ई चा फरक फारसा पाळत नाही, शुद्धलेखनातच पाळतो, त्यामुळे पोरं लांबीच मोजत बसतात. इंग्रजीत लांबी पुढच्या व्यंजनावरही ठरते, 'बिड' (bid) मधला स्वर जवळपास 'बीट' (beat) मधल्याएवढा लांब निघतो, खरा फरक जिभेच्या जागेचा. निफाड-सिन्नरहून येणाऱ्या मराठी मीडियमच्या पोरांना हे कोण सांगणार? २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आलं, पण त्यात जोर लिहिण्या-वाचण्यावरच जास्त. आणि क्लासवाल्यांचंही बरोबर आहे त्यांच्या जागी, दोन स्वरांत स्कोअर पटकन वाढलेला दिसतो, नऊ स्वरांत वेळ लागतो आणि फी तर पहिल्याच दिवशी घेतलेली असते.