काळाशी न जुळणारी नाणी

मुंबईच्या फोर्ट भागातील टांकसाळ कॅप्टन जॉन हॉकिन्स यांच्या देखरेखीखाली बांधली गेली आणि 1830 च्या सुमारास तेथे वाफेच्या यंत्रांवर नाणी पडू लागली. ईस्ट इंडिया कंपनीने यंत्रावर पाडलेला सुरती रुपया पाहिला की त्याची रेखीव गोलाई, सर्वत्र सारखी जाडी आणि पूर्ण उमटलेली अक्षरे लगेच नजरेत भरतात. मजकूर मात्र फारसीत असून तो 1806 मध्ये मरण पावलेल्या शाह आलम बादशहाच्या नावाचा आहे. त्यावर हिजरी सन 1215 आणि बादशहाच्या कारकिर्दीचे 46 वे वर्ष अशा दोन कालखुणा आहेत, पण कारकीर्द हिजरी 1173 मध्ये सुरू झाली असल्याने त्या दोन्ही एकमेकींशीही जुळत नाहीत. टांकसाळीचे नाव सुरत, नाणे मुंबईचे.

हे अज्ञानातून घडलेले नव्हते. नाणे जितके जुने, तितकी त्यातील चांदी झिजलेली, असे धरून सराफ मागील सनाच्या रुपयावर बट्टा कापत असत. सनच गोठवला, तर नवा रुपया आणि जुना रुपया असा भेद करायला वाव उरत नाही. बंगालमध्ये कंपनीने आपल्या सिक्का रुपयावर शाह आलमच्या कारकिर्दीचे 19 वे वर्ष कायम केले, त्यामागे हाच हेतू होता. बादशहाचे नाव ठेवण्याचे कारणही लोकांच्या सवयीत होते, कारण देशावरचे अंकुशी आणि चांदोरी हे मराठी राज्यातील रुपयेसुद्धा मोगल बादशहाच्याच नावाने पडत. ते रुपये हाताने घडवले जात: खालच्या ठशावर चांदीची चकती ठेवायची, वरचा ठसा तिच्यावर धरायचा आणि घणाचा घाव घालायचा. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने मजकुराचा काही भाग नाण्याबाहेरच राहून जाई. यंत्रात चकतीभोवती पोलादी कडे बसवता येते, त्यामुळे दाबाखाली धातू बाहेर पसरत नाही आणि प्रत्येक नाणे एकाच मापाचे निघते. अखेर 1835 च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात एकच रुपया लागू झाला आणि त्यावर चौथ्या विल्यमचा चेहरा आला.

त्याहून विलक्षण उदाहरण पश्चिम भारतातील गधैया नाण्यांचे आहे, आणि माझ्या मते नाण्यांच्या इतिहासात याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. ही नाणी पाहणाऱ्याला ती विसाव्या शतकातील एखाद्या अमूर्त चित्रकाराने रेखाटली असावीत असे वाटते: एका बाजूला लांब रेघेचे नाक, ठिपक्याचा डोळा आणि काही वक्र रेषा, तर दुसऱ्या बाजूला एकावर एक रचलेल्या रेघा आणि ठिपके. त्यांचे मूळ इराणच्या सासानी सम्राटांच्या चांदीच्या द्रम्मात आहे. त्यावर मुकुटधारी राजाचा चेहरा आणि मागील बाजूस अग्निवेदी व तिचे दोन रक्षक असत. सम्राट पेरोझ हूणांकडून पराभूत झाला, 484 मध्ये त्यांच्याशी लढतानाच मारला गेला, आणि त्याच्या धर्तीची नाणी हूणांबरोबर भारतात आली. पुढची कित्येक शतके येथील कारागीर त्यांची नक्कल करत राहिले. मात्र नवा ठसा मूळ नाणे पाहून नव्हे, तर आधीची नक्कल पाहून कोरला जाई, आणि दर वेळी झालेला लहानसा बदल पुढच्या ठशात पक्का होई. अशा रीतीने राजा रेषांमध्ये विरघळला आणि वेदीची शिडी झाली. द्रम्म रुंद आणि पातळ होता, गधैया लहान आणि जाड झाला, तरी वजन चार ग्रॅमच्या आसपासच राहिले. व्यापाऱ्याला राजाची ओळख नको होती, वजन आणि ओळखीची खूण हवी होती. उत्तर कोकणातील शिलाहार राजा छित्तराज याने अकराव्या शतकात स्वतःच्या नावाची नाणी काढली, तीही याच घडणीची.

धातूच्या बाबतीत मात्र एक नाणे खरोखरच काळाच्या पुढचे वाटते. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात बॅक्ट्रियाच्या (आजच्या उत्तर अफगाणिस्तानाच्या परिसरातील राज्याच्या) युथिडेमस दुसरा, पँटालिऑन आणि अगॅथोक्लिस या ग्रीक राजांनी तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूची नाणी पाडली. निकेल हे स्वतंत्र मूलद्रव्य असल्याचे स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी 1751 मध्ये दाखवले, आणि भारतात या मिश्रधातूचे नाणे आले ते सातव्या एडवर्डच्या काळात, मुंबईच्या टांकसाळीत पडलेल्या नागमोडी कडेच्या एक आण्याच्या रूपाने. मग दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी ते कसे साधले?

1868 मध्ये वॉल्टर फ्लाइट यांनी युथिडेमसच्या नाण्याचे रासायनिक विश्लेषण केले, तेव्हा त्यात सुमारे 78 टक्के तांबे, 20 टक्के निकेल, एक टक्का लोह आणि अर्धा टक्का कोबाल्ट आढळला. त्यांना हा मिश्रधातू चीनमधून आल्याचे वाटले. परंतु चीनच्या पांढऱ्या तांब्यात जस्त असते आणि या नाण्यांत ते नाही. अधिक पटणारे स्पष्टीकरण असे की तांब्याच्या खनिजातच निकेल मिसळलेले होते. निकेल 1455 अंश सेल्सिअसला वितळते, तांबे 1085 अंशांना, परंतु असे खनिज कोळशाबरोबर भट्टीत घातले की दोन्ही धातू एकत्रच मोकळे होतात आणि निकेल वेगळे वितळवण्याची गरज राहत नाही. कारागिराला फक्त एवढे दिसले असेल की या विशिष्ट खनिजातून निघणारे तांबे चांदीसारखे पांढरट असते. कोबाल्ट आणि लोह या तर्काला दुजोरा देतात, कारण निसर्गात ते निकेलच्या सोबतीने आढळतात, तर शुद्ध केलेल्या आधुनिक निकेलमध्ये कोबाल्ट इतक्या प्रमाणात उरत नाही. म्हणूनच अशा नाण्याच्या अस्सलतेची शंका आली, तर त्यातील कोबाल्टचे प्रमाण तपासणे उपयोगी ठरते.