प्रोसेसर बूस्टवर कर्नलचा ताबा

प्रोसेसर बूस्ट म्हणजे प्रोसेसरचा जो ठरलेला बेस स्पीड असतो त्याच्या वर काही वेळ पळणं. इंटेलनं २००८ साली नेहालेम पिढीच्या कोअर आय ७ मधे टर्बो बूस्ट आणलं, एएमडीचं टर्बो कोअर २०१० मधे फेनम २ एक्स ६ बरोबर आलं. किती वर जायचं हे चिप स्वतःच ठरवते, किती कोर, म्हणजे चिपमधले काम करणारे स्वतंत्र भाग, कामात आहेत, तापमान किती झालंय, करंट किती ओढला जातोय हे सगळं बघून. कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, हातात असते ती फक्त परवानगी, द्यायची का काढून घ्यायची एवढंच.

लिनक्समधे हे काम सीपीयूफ्रीक नावाच्या भागाकडं आहे, राफाएल विसोत्स्की आणि विरेश कुमार हे त्याचे मेंटेनर, म्हणजे कोड सांभाळणारे. सिसएफएसमधे, म्हणजे कर्नलची सेटिंग फाईलसारखी दाखवणाऱ्या जागेत, बूस्ट नावाची एक फाईल दिसते, १ लिहिलं की चालू, ० लिहिलं की बंद. इंटेलच्या पीस्टेट ड्रायव्हरमधे, म्हणजे चिपशी बोलणाऱ्या कर्नलच्या कोडमधे, मात्र फाईलचं नाव नो टर्बो आहे आणि सगळं उलटं, तिथं १ म्हणजे बंद. इथं भल्याभल्यांचा गोंधळ होतो. नंतरच्या कर्नलमधे प्रत्येक पॉलिसीची, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कोरच्या गटाची, वेगळी बूस्ट फाईल पण आली.

जुना एसीपीआय ड्रायव्हर फाईलमधला आकडा प्रत्येक कोरच्या रजिस्टरमधे, म्हणजे चिपमधल्या छोट्या नोंदीच्या जागेत, नेऊन लिहितो, इंटेलला ३८ नंबरचा बिट, एएमडीला २५ नंबरचा, आणि दोन्हीकडं तो बिट १ झाला की बूस्ट बंद. म्हणजे एकच गोष्ट तीन ठिकाणी असते: फाईलमधे, कर्नलच्या आठवणीत आणि खुद्द चिपमधे. बिघाड होतो तो या तिघांचं जमेनासं झालं की. गुऱ्हाळात गुळव्या काहिलीकडं बघून जाळ कमी करा म्हणून ओरडतो, पण चुलवाणात चिपाडं टाकणाऱ्याच्या कानावर ते गेलंच नाही तर गूळ करपणारच, तसंच हे.

उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमधे ड्रॉईंग काढायच्या कॉम्प्युटरवर हे आम्ही समोर बघितलंय. मे महिना, वर पत्रा, दुपारी फॅनचा आवाज लेथच्या वर ऐकू यायचा, म्हणून बूस्ट बंद केलं आणि दोन दिवस मशीन गार चाललं. मग जेवणाच्या सुट्टीत सस्पेंड केलेलं, म्हणजे झोपवलेलं, मशीन परत चालू केलं आणि फॅन पुन्हा बोंबलायला लागला. बेस ३.६ गिगाहर्ट्झ, टर्बोस्टॅटमधे, म्हणजे खरा स्पीड दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधे, आकडा ४ च्या वर, फाईल उघडली तर त्यात ० च. परत ० लिहिलं तरी काही फरक नाही, कारण कर्नलच्या आठवणीत आधीच ० होतं, बदल नाही म्हटल्यावर तो चिपकडं जातच नव्हता. आधी १ लिहून मग ० लिहिलं तेव्हा कुठं आकडा खाली आला.

कारण असं की सस्पेंडमधे बाकीचे कोर ऑफलाईन जाऊन परत ऑनलाईन येतात, त्यांचा बिट ड्रायव्हर नव्यानं लिहितो. पहिला कोर मात्र या वाटेनं जातच नाही, आणि मशीन उठताना फर्मवेअरनं, म्हणजे बोर्डवरच्या पक्क्या प्रोग्रॅमनं, त्याचं रजिस्टर मूळ स्थितीला आणलं तर कर्नलला पत्ताच लागत नाही. ऑफलाईन जाताना उलटी काळजी लागते, जाणाऱ्या कोरचा बंदीचा बिट पुसावा लागतो, नाहीतर झोपलेला कोर बाकीच्यांचं बूस्ट अडवून बसायचा. हा बारकावा कर्नलच्या कोडमधे कॉमेंट लिहून जपलाय आणि मला तो फार आवडतो.

म्हणून दुरुस्तीचा खरा गाभा म्हणजे आठवणीवर विसंबायचं नाही, कोर चालू होताना आणि सस्पेंडमधून उठताना ठरलेली किंमत चिपमधे परत लिहायची. आणि लिहिताना एरर आली तर कर्नलनं स्वतःची नोंदही मागं फिरवायची, नाहीतर न झालेलं काम झालं म्हणून फाईलमधे दिसत राहतं.

ही दुरुस्ती करणारा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, टाकल्यावर फाईल वाचून समाधान मानू नका. टर्बोस्टॅट एपर्फ आणि एमपर्फ या चिपमधल्याच काउंटरवरून खरा स्पीड काढतं, ते चालू ठेवा, बूस्ट बंद करून सगळ्या कोरवर लोड टाका, मग एखादा कोर ऑफलाईन करून परत आणा, मशीन एकदा सस्पेंड करा, आणि दर वेळी प्रत्येक कोरचा आकडा बेसच्या वर जात नाही ना ते बघा, पहिल्या कोरचा आधी.